फुग्यातली भाषा : कॉमिक्स आणि आमची रविवारची मराठी शाळा



आमच्या घरात मराठीच बोलायचं असा नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. त्यामुळे चिरंजीवांच्या मराठीबद्दल मी अगदी निर्धास्त होतो. २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही नाशिकला गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी त्या निर्धास्तपणाला सुरुंग लागला. चुलत भावंडं खाली खेळायला निघाली होती. हा सात वर्षांचा बाप्या मागून ओरडला, "थांबा, मी पण येते!"

झालं! सगळी पोरं पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत त्याचं नाव "मी येते" पडलेलं होतं. पोरं काही वाईट नव्हती, मुलं अशीच असतात. पण तिसऱ्या दिवसापासून याने मराठी बोलणं बंद केलं. आजीलाही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागला. ती नुसतं हसून मान हलवायची. तिला त्यातलं अर्धंच कळत होतं, हे मला दिसत होतं.

चूक त्याची नव्हतीच. तो मराठी ऐकतो ते मुख्यतः आईकडून आणि फोनवर आजीकडून. मी सकाळी भारतातल्या टीमशी आणि दिवसभर इथल्या टीमशी इंग्रजीत बोलत बसलेला. ज्याच्या कानावर दिवसभर "मी येते, मी जाते, मी खाते" पडतं, तो दुसरं काय म्हणणार? आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत हेच चालू आहे.

इथे ओहायोत परत आल्यावर मी इंजिनिअरला शोभेल असा उपाय केला. तक्ता काढला! डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी, मध्ये रेघ. त्याने तो पाच मिनिटांत पाठ केला. विचारलं की बरोबर म्हणून दाखवायचा, आणि जेवायला हाक मारली की आतून "येते!" असं ओरडायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार नवीन नाही. डॉक्युमेंटेशन चोख असतं, प्रोग्राम मात्र त्याला हवं तेच करतो.

मग उपाय सापडला तो माझ्याच जुन्या वह्यांमध्ये. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे. परकी भाषा शिकवायला कॉमिक्सचा उपयोग कसा होतो, का होतो, आणि कुठे होत नाही. तुम्ही म्हणाल, मराठी परकी कशी? मुलांची मातृभाषा मराठीच, मान्य. पण शिकवण्याच्या दृष्टीने इथे वाढणाऱ्या मुलांसाठी ती अर्धी परकीच आहे. एकदा हे कबूल केलं की बरेच प्रश्न सोपे होतात.

पुणे, जपानी आणि चार चौकटी

२०१२ साली मी पुण्यात नोकरीला होतो. आमचं काम एका जपानी क्लायंटसाठी होतं, म्हणून कंपनीने आम्हा दहा-बारा जणांना जपानीच्या वर्गाला बसवलं. पुस्तक होतं 'मिन्ना नो निहोंगो'. पुण्यात जपानी शिकलेल्यांना ते नाव ऐकूनच घाम फुटेल! पुस्तक उत्तम आहे. पण सुरुवातीचे बरेच धडे सगळे लोक सगळ्यांशी अत्यंत अदबीने बोलत असतात. वाक्य "देसु" नाहीतर "मासु"वर संपणार. माणसं घरी कशी बोलतात, भावाशी कशी भांडतात, याचा पत्ताच लागत नाही.

एक दिवस आमच्या बाईंनी एक चित्रपट्टी आणली. माचिको हासेगावा या बाईंची 'साझाए-सान'. ही पट्टी १९४६ साली सुरू झाली आणि १९७४पर्यंत वर्तमानपत्रात येत राहिली. उभ्या रांगेत चार चौकटी, की गोष्ट संपली. साझाए, तिचा नवरा, लहान मुलगा, तिचे आईवडील आणि धाकटी भावंडं असं तीन पिढ्यांचं घर. म्हणजे अगदी आपल्याकडचं एकत्र कुटुंबच म्हणा ना.

त्या चार चौकटींत मला जे दिसलं ते आधीच्या दोन महिन्यांत दिसलं नव्हतं. तीच बाई धाकट्या भावावर ओरडताना एक क्रियापद वापरते, आणि पुढच्याच चौकटीत दारात शेजारीण आली की त्याच क्रियापदाचं वेगळंच रूप. बाईंना काही समजावून सांगावंच लागलं नाही. चित्रात दार दिसत होतं, शेजारीण दिसत होती, साझाए वाकलेली दिसत होती. बस्स.

पुढे बाईंनी 'मांगाजिन' नावाच्या एका जुन्या मासिकाची ओळख करून दिली. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांसाठी ते अमेरिकेतल्या अटलांटा शहरातून १९९० ते १९९७ या काळात निघत होतं. त्याची पद्धत मला फार आवडली. एका पानावर मूळ जपानी कॉमिक, कुठेही हात न लावता. समोरच्या पानावर प्रत्येक फुग्याचा उलगडा. आधी जपानी वाक्य, मग रोमन लिपीत उच्चार, मग शब्दशः अर्थ आणि शेवटी माणूस खरोखर जसं बोलेल तसा अर्थ. आधी चित्र बघून अंदाज करायचा, अडलं तरच शेजारी बघायचं. पुढे मी मराठी शाळेत हीच पद्धत उचलली. तेव्हा अर्थातच असं काही डोक्यात नव्हतं. तेव्हा फक्त परीक्षा पास व्हायची होती!

चित्र नक्की काय करतं?

चित्रांतून भाषा शिकवणं हे काही आजचं खूळ नाही. कोमेनियस या मोरावियातल्या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गला 'ऑर्बिस पिक्टस' नावाचं पुस्तक काढलं. त्यात लॅटिन आणि जर्मन मजकूर शेजारी शेजारी, वर चित्र, आणि चित्रातल्या वस्तूंना आकडे. तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. आपल्या अंकलिपीतल्या चित्रांचं आणि फ्लॅशकार्डांचं हे खापरपणजोबा समजा. आणि युरोपातल्या कॉमिक्सचा जनक ज्याला म्हणतात तो रोडोल्फ टॉप्फर हासुद्धा जिनिव्हातला शाळामास्तरच! त्याच्या चित्रकथा १८३०च्या दशकात छापल्या गेल्या.

चित्र आणि शब्द मिळून लक्षात जास्त का राहतं, याचं एक स्पष्टीकरण कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१च्या आपल्या पुस्तकात मांडलं. आपलं डोकं शब्दांची नोंद एका वहीत ठेवतं आणि चित्रांची दुसऱ्या. एखादी गोष्ट दोन्ही वह्यांत नोंदली असेल तर नंतर शोधायला दोन वाटा मिळतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप!

पण इथे एक फरक नीट लक्षात घ्या. साधं चित्र आणि कॉमिक यांत फार अंतर आहे. साधं चित्र नाम शिकवतं. हा आंबा, ही बस, ते घर. कॉमिक बोलणं शिकवतं. त्याची कारणं मला चार दिसतात.

पहिलं : कोण बोलतंय ते दिसतं. फुग्याला शेपूट असतं आणि ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेलं असतं. ऐकणारा कोण, त्याचं वय काय, दोघांचं नातं काय, राग आहे की लाडीगोडी, हे सगळं वाचायच्या आधीच कळलेलं असतं. धड्यातल्या संवादात हे कंसात लिहावं लागतं आणि कंस कोणी वाचत नाही.

दुसरं : फुगा लहान असतो. त्यात चार-सहा शब्दच मावतात. "अरे, पण...", "बघू!", "झालं का?" अशी अर्धवट वाक्यं. आपण घरात असंच बोलतो, पाठ्यपुस्तकात मात्र ही वाक्यं नापास होतात.

तिसरं : वेग आपल्या हातात असतो. सिनेमा किंवा कार्टून आपल्यासाठी थांबत नाही. मूल तीन शब्दांवर अडलं की पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो, मग ते नुसतं बघत बसतं. कॉमिक हा कायमचा पॉज केलेला सिनेमा आहे. हवं तितकं मागे जा.

चौथं : दोन चौकटींमधली मोकळी पट्टी. इंग्रजीत तिला 'गटर' म्हणतात. (नाव ऐकून नाक मुरडू नका!) स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे कॉमिक्सविषयीचं पुस्तक चक्क कॉमिकच्याच रूपात काढलं. त्यात त्यांनी यावर फार छान लिहिलं आहे. एका चौकटीत मुलगा झाडावर, पुढच्या चौकटीत पायाला बँडेज. मधलं पडणं कोणी काढलेलंच नाही, ते वाचणाऱ्याने मनात घडवलं. भाषेच्या शिक्षकाला याहून मोठी देणगी नाही. कारण आता मुलाला विचारता येतं, "मध्ये काय झालं रे?" आणि त्याला सांगावंसं वाटतं.

मराठीला याचा जास्तच फायदा

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो. इंग्रजीत "आय ॲम कमिंग" म्हणणारा मुलगा की मुलगी, वाक्यावरून कळत नाही. मराठीत कळतं. येतो, येते. कागदावर नुसतं वाक्य लिहिलं तर हा फरक मुलाला उगाचच त्रास दिल्यासारखा वाटतो. चौकटीत बोलणारा काढलेला असला की तो फरक डोळ्यांना दिसतो.

मी एक साधी पट्टी काढली. काड्यांची माणसं, कारण मला तेवढीच येतात. दारात पिशवी घेतलेली आई विचारते, "बाजारात कोण येणार?" मुलगा म्हणतो, "मी येतो!" मुलगी म्हणते, "मी येते!" मग मी फुग्यांची शेपटं खोडली आणि पट्टी चिरंजीवांपुढे ठेवली. काम एवढंच, प्रत्येक फुग्याला शेपूट जोडून तो ज्याचा त्याला द्यायचा. व्याकरणाचा एक शब्दही उच्चारला नाही. त्याला ते कोडं वाटलं. अशी वीसेक कोडी झाली. जातो-जाते, खातो-खाते, करतो-करते, "मी दमलो", "मी दमले". एका रात्री मी वाचून दाखवताना गंमत म्हणून मुलीचा फुगा माझ्या आवाजात म्हटला, तर पांघरुणातून आवाज आला, "बाबा, ते तुझं नाहीये, तिचं आहे." हुश्श! तक्त्याने जे झालं नाही ते शेपटाने झालं.

दुसरी जागा म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे आपली मुलं बॅट घेऊन निघताना आईला सांगतात, "आपण क्रिकेट खेळायला जातोय." आता आईने पदर खोचून मैदानात उतरायचं का? ही चूक समजावायला परिच्छेदभर बोलावं लागतं. चित्रात दोन चौकटी पुरतात. पहिलीत मुलगा मित्रांबरोबर दारात, आई आत, "आम्ही जातो!" दुसरीत आईचा हात धरलेला, "चल, आपण जाऊ!" आत कोण आणि बाहेर कोण, हे चित्रच सांगतं.

तिसरी जागा 'तू' आणि 'तुम्ही'. कितीतरी घरांत आजीला 'तू' असतं आणि आजोबांना 'तुम्ही'. याला तर्क लावायला जाऊ नका, तो नाहीच. पण मुलाने शंभर फुगे वाचले की त्याचा कान तयार होतो.

आणि चौथी, माझी सगळ्यांत आवडती जागा, म्हणजे नादशब्द. जपानी भाषा या शब्दांनी नुसती भरलेली आहे आणि जपानी कॉमिक्समध्ये ते चौकटभर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. छाती धडधडली की "दोकी दोकी". ढगांच्या गडगडाटाला "गोरो गोरो", आणि लोळत पडायलाही "गोरो गोरो". सफाईने परकी भाषा बोलणं म्हणजे "पेरा पेरा". एवढंच काय, कुठेही आवाज नाही, चिडीचूप आहे, हे दाखवायलासुद्धा "शीऽन" असा आवाज आहे!

वर्गातल्या इतर देशांच्या पुस्तकांत हे शब्द फार अवघड म्हणून गणले जातात. आम्हा मराठी पोरांना ते पटापट जमले. कारण उघड आहे. आपल्याकडे ढग गडगडतात आणि माणूस गडबडा लोळतो. पोर चुरूचुरू बोलतं, पाणी टपटप गळतं, बशी खळ्ळकन फुटते, माणूस धपकन बसतो, डोळे लुकलुकतात. हे शब्द शब्दकोशातून शिकवून पाहा बरं! 'धपकन' आणि 'धाडकन' यांतला फरक इंग्रजीतून सांगता येत नाही, काढून मात्र दाखवता येतो. मुलांना हे शब्द फार आवडतात, कारण ते उच्चारताना मजा येते.

वर्गात आम्ही काय करतो

गेली दोन वर्षं मी मंडळाच्या रविवारच्या शाळेत आठ ते अकरा वयाचा गट घेतो. वर्ग लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत भरतो. याच वयात मुलं शाळा सोडायला लागतात, कारण अक्षरं येऊन गेलेली असतात आणि वाचायला मिळतं ते बाळबोध. ही मुलं इंग्रजीत 'डॉग मॅन' आणि 'विम्पी किड'ची जाडजूड पुस्तकं फडशा पाडतात. मराठीत त्यांना "छगन कमळ बघ" किती दिवस वाचायला लावणार? कॉमिक वाचायची सवय त्यांना आधीच आहे. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे.

आमचे काही ठरलेले खेळ असे :

१. शेपूट जोडा. वर सांगितलाच.

२. चौकटी पिसा. पट्टी कापून चौकटी पत्त्यांसारख्या पिसायच्या. मुलांनी क्रम लावायचा आणि का लावला ते मराठीत सांगायचं. "आधी", "मग", "तेवढ्यात", "शेवटी" हे शब्द आपोआप येतात.

३. रिकामे फुगे. बोलणं पुसून टाकायचं, चित्र तसंच. प्रत्येकाने आपलं बोलणं भरायचं. एकाच चित्राच्या आठ गोष्टी होतात आणि हसून हसून पुरेवाट होते.

४. माणूस बदला. फुग्यात "ए, पाणी दे ना". आता समोरचा मित्र खोडून तिथे आजोबा काढायचे, मग शेजारचे काका, मग लहान बहीण. चित्र बदललं की फुगा बदललाच पाहिजे.

५. शेवटची चौकट झाकून ठेवा. पुढे काय होईल? अंदाज म्हणजे भविष्यकाळ. "तो पडेल." "आई ओरडेल." उघडल्यावर तेच भूतकाळात. "तो पडला." "आई ओरडलीच नाही!"

६. फुग्यातून गोष्टीकडे. हा सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी. फुगे वाचून झाले की पुस्तक मिटायचं आणि घरी जाऊन तीच गोष्ट कोणाला तरी फोनवर सांगायची. फोनवर चित्र नसतं. "मग मुलगी म्हणाली की..." असं सगळं शब्दांतच सांगावं लागतं.

हा सहावा खेळ विसरू नका. चित्र ही कुबडी आहे, ती कधीतरी काढून ठेवावीच लागते.

कुठली कॉमिक्स घ्यावीत?

मराठीत पहिलं नाव अर्थातच 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये ही पट्टी सुरू केली. मोजक्या चौकटी, घर, शाळा, मित्र आणि आजकालचं बोलीतलं मराठी. भारतात गेलात की संग्रह आवर्जून घेऊन या.

'अमर चित्र कथा' आपल्या सगळ्यांच्या लहानपणीची. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली. माझं तिच्यावर अतोनात प्रेम आहे, तरी सुरुवातीला ती देऊ नका. राजेमहाराजांचं मराठी ग्रंथातलं असतं आणि चौकटीच्या वर निवेदनही भरपूर असतं. जे मूल "आई, भूक लागली" नीट म्हणू शकत नाही, त्याच्या हातात एकदम दरबारी भाषा दिली तर ते चित्रं बघेल आणि पुस्तक ठेवून देईल. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याला मिळणारी भाषा कळेल अशीच हवी, फक्त त्याच्या आजच्या पायरीच्या एक पायरी वर. एक. पाच नाही! (आणि हेच क्रॅशन मुलांना कॉमिक्स वाचू द्या, असंही आग्रहाने सांगतात.)

विकतच्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नका. तो हक्क लेखक-चित्रकाराचा आहे. त्याऐवजी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' बघा. २०१५ साली सुरू झालेल्या या संग्रहात मराठीतल्या भरपूर सचित्र गोष्टी आहेत आणि त्या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन छापता, कापता, बदलता येतात. कॉमिक्स नाहीत, पण चित्रावर पांढऱ्या कागदाचे फुगे चिकटवले की काम भागतं. आणि काहीच नसेल तर काड्यांची माणसं काढा. मुलांना आपली वाईट चित्रं चांगल्या चित्रांपेक्षा जास्त आवडतात, हा माझा अनुभव आहे!

आणि आता जिथे फसतं ते

नुसतं कौतुक करून थांबलो तर ते खरं होणार नाही.

जपानी कॉमिक्स वाचून माझी गाडी भरधाव सुटली होती. कथेतले सगळे दणकट नायक स्वतःला "ओरे" म्हणतात. "ओरे" म्हणजे "मी". २०१३ साली कामासाठी जपानला गेलो आणि क्लायंटच्या मीटिंगमध्ये, मोठ्या साहेबांसमोर, ऐटीत म्हणालो की हे काम "ओरे" करतो. कोणी काही बोललं नाही. अगदी "शीऽन"! जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने हळूच सांगितलं की हा शब्द दोस्तांत चालतो, साहेबांपुढे नाही. एखाद्या नवख्या परदेशी माणसाने मुंबईच्या बँकेत मॅनेजरला "आपुन करतो ना बॉस" म्हणावं, तसं ते झालं होतं. म्हणजे कॉमिक कोण कोणाशी कसं बोलतं ते दाखवतं हे खरं, पण ते आपण बघितलं तर. मी नुसते शब्द उचलले आणि शेजारचं चित्र सोडून दिलं. म्हणून वर्गात आता प्रत्येक नवीन शब्दावर माझा एकच प्रश्न असतो : हे तू कोणाला म्हणू शकतोस, आणि कोणाला नाही?

दुसरं, चित्र कधीकधी फारच बोलकं असतं. मग मूल न वाचताच गोष्ट समजून घेतं आणि पान उलटतं. अशा वेळी ज्या पट्टीत विनोद फुग्यातच आहे, चित्रात नाही, ती निवडायची.

तिसरं, आणि हे मोठं. बोलणारा मुलगा की मुलगी हे चित्रात दिसतं. पण खुर्ची 'ती' का आणि टेबल 'ते' का, हे कुठलंही चित्र दाखवू शकत नाही. चहा घेतला, कॉफी घेतली, दूध घेतलं, इथे कॉमिकचं शहाणपण संपतं. आम्ही एक युक्ती करतो. पट्टीतल्या वस्तू रंगवताना 'तो'ला निळा, 'ती'ला लाल आणि 'ते'ला हिरवा रंग. थोडा उपयोग होतो. बाकी मग ऐकणं, बोलणं आणि पुन्हा ऐकणं. त्याला शॉर्टकट नाही.

शेवटी नाशिक

गेल्या दिवाळीत चिरंजीवांचा नाशिकला व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे तीच सगळी गँग. काय काय फराळ झाला, अशी चौकशी चालली होती. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून काम करतोय असं दाखवत होतो, कान मात्र तिकडे. "मी रोज सकाळी खातो..." एवढं म्हणून तो थोडा थांबला. 'खातो' बरोबर आलं होतं! मग पुढे म्हणाला, "काल मी दहा चकली खाल्ला."

पलीकडे हशा पिकला. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा २०२३? पण हा जागचा हलला नाही. म्हणाला, "मग काय म्हणायचं?" तिकडून तीन-चार पोरं एकदम ओरडली, "चकल्या खाल्ल्या! चकल्या खाल्ल्या!" यानेही तसंच ओरडून म्हटलं, आणि लगेच पुढे, "आणि तुम्ही किती खाल्ल्या?" आणि मग अर्धा तास गप्पा चालू.

चूक होणारच आहे. ती झाल्यावर तोंड मिटायचं नाही, एवढं जरी जमलं तरी भरून पावलो. कोऱ्या फुग्यात चुकीचं लिहिलं तर खोडून परत लिहिता येतं, हे दोन वर्षांत शेकडो वेळा केल्यामुळे ती हिंमत त्याला आली असावी, असं आपलं मला वाटतं.

तर मंडळी, घरात जुन्या चित्रपट्ट्या, संग्रह, काही असेल तर रविवारी शाळेत घेऊन या. आणि काही नसेल तर एक पेन्सिल पुरे. काड्यांची माणसं मी शिकवीन!

कळावे, लोभ असावा.